पडद्यामागचा आरसा

दिवसभर आरशात बघण्याचा मला पगार मिळतो. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे नीट बघतो आणि विचारतो, "तुम्हाला?"

पण खरं आहे. आमच्या कारखान्यात आरसे तयार होतात आणि प्रत्येक आरसा गाडीत चढण्याआधी माझ्यासमोर उभा केला जातो. काचेत बुडबुडा आहे का, मागच्या मुलाम्याला ठिपका पडलाय का, कडेला लाट आहे का, हे मी बघतो. लाट म्हणजे काच किंचित वाकडी असली की बघणाऱ्याची हनुवटी एका बाजूला वाहत जाते, ती. आरसा नापास झाला की मी त्यावर पिवळ्या खडूने फुली मारतो. फुली पडलेला आरसा मागच्या अंगणात जातो आणि फुटतो. त्यावर सुनावणी नाही, अपील नाही. कारखान्यात मला फुलीसाहेब म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण माझे कान शाबूत आहेत.

सांगायचा मुद्दा असा की माझ्या हातून अर्धवट काम होत नाही. होतच नाही! आणि नीट काम करणारा माणूस एकदा सापडला की लोक त्याला बक्षीस म्हणून आणखी काम देतात. आमच्या बिल्डिंगच्या कमिटीचा सेक्रेटरी मी. गच्चीवरच्या गळक्या टाकीवर मी असा अहवाल लिहिला होता की तो वाचून संपेपर्यंत टाकी दुरुस्त होऊन पुन्हा गळायला लागली होती. बुद्धिबळ क्लबच्या रविवारच्या सामन्यांना पंच मी. मेहुण्याला गाडी शिकवणाराही मीच, कारण बाहेरचे लोक नुसती गाडी चालवायला शिकवतात, आरसे कसे लावायचे ते शिकवत नाहीत.

बायको म्हणायची, "तुम्हाला नाही म्हणताच येत नाही."

तसं नव्हतं. मला नाही म्हणता येतं, पण ते नीट म्हणायला वेळ लागतो. मागे एकदा मी बुद्धिबळ क्लबला नकार कळवायला बसलो होतो. कुणी दुखावलं जाऊ नये, कारण पटावं, पुढचा पंच सुचवावा, अशा बेताने मजकूर घासूनपुसून तयार केला. तो तयार झाला तेव्हा सामने आटोपले होते आणि पंच म्हणून मीच उभा होतो.

आता बायकोबद्दल. ती केस कापते. लग्नाआधीपासून एका मोठ्या सलूनमध्ये नोकरीला होती. त्या सलूनच्या मालकीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. बाई कडक. त्यांच्या हाताखाली बायकोने उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि या वर्षी एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "मी स्वतःचं दुकान काढते." आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा गाळा रिकामा होता. तिने तो घेतला, भिंती रंगवल्या, दोन खुर्च्या आणल्या. नोकरी सोडताना मोठ्या बाई तिला म्हणाल्या होत्या, "तुझी जागा मी महिनाभर भरत नाही. परत येशील तेव्हा अवघड वाटायला नको."

परत येशील तेव्हा! हे वाक्य बायकोने घरी येऊन सांगितलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. दुकान चालणार की ती मान खाली घालून परत जाणार, हा आमच्या घरातला प्रश्न होता. ती रात्री उठून पुन्हा पुन्हा हिशोब मांडायची. मला कळत होतं. म्हणून मी छातीवर हात ठेवून म्हटलं होतं, "तू बाकीचं बघ. आरसा माझ्यावर सोड."

ती म्हणाली, "तुमच्याकडून मला एवढंच पाहिजे. आरसा, आणि उद्घाटनाला तुम्ही."

आरसा! जणू हलवायाच्या घरी साखर मागितली. मी दुसऱ्याच दिवशी शोध सुरू केला आणि उद्घाटनाचा आठवडा उजाडला तरी शोध चालूच होता. कारण बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी पास होणारा आरसा वेगळा आणि बायकोच्या दुकानात मी लावणार तो वेगळा. एकाला डाव्या कडेला लाट. एकात चेहरा किंचित हिरवट. एक चांगला होता, पण फार चांगला होता, म्हणून मला संशय आला.

"अहो," बायको म्हणाली, "गिऱ्हाईक केस बघणार आहे, काच नाही."

"नजर काचेतूनच जाते ना?"

"जाऊ दे तिला. पण शनिवारपर्यंत काहीतरी आणा."

आणि शनिवारी तो आरसा मिळाला. खरंच सांगतो, असा आरसा मी नोकरीत पाहिला नव्हता. समोर उभा राहिलो तर मीच दिसलो, सुटलेल्या पोटासकट, ना कमी ना जास्त. मी मालकांना सांगून तो घरासाठी बाजूला काढला, गेटपाशी भिंतीला टेकवून उभा केला आणि लोडरला म्हटलं, "हा गाडीत शेवटी चढव, माझ्या घरी उतरवायचाय." तेवढ्यात फोन वाजला. आमच्या बिल्डिंगचे अध्यक्ष.

"सेक्रेटरी, उद्या दहाला वार्षिक सभा. अहवालात जिन्यातल्या दिव्यांचं आहे ना?"

"आहे. मजल्यांप्रमाणे लावलंय. की दिव्यांच्या प्रकारांप्रमाणे लावू?"

"कसंही चालेल हो."

कसंही चालेल, हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. मी त्यांना दोन्ही पद्धतींचे फायदे सांगायला लागलो. बोलता बोलता नजर आरशावर. खालच्या कोपऱ्यात काळा ठिपका दिसला. हातात खडू होता. डोकं दिव्यांत गुंतलेलं आणि हात आपल्या सवयीने मोकळा. हाताने फुली मारली. मग गाड्यांचा आवाज नको म्हणून मी बोलत बोलत आत ऑफिसकडे गेलो.

परत आलो तर भिंत रिकामी. लोडर हात झटकत मागच्या अंगणातून येत होता.

"आरसा कुठाय?"

"फोडला."

"फोडला? कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. फुली होती."

"अरे, घरचा आरसा तो! तुला सांगितलं होतं ना? विचारायचं तरी एकदा."

तो शांतपणे म्हणाला, "मागे एका फुलीबद्दल विचारलं होतं, साहेब. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तुम्ही मला समजावत होता. तेव्हापासून आम्ही कुणी विचारत नाही."

मी अंगणात धावलो. काचांच्या ढिगावर माझे बरेच चेहरे पडले होते. काळा ठिपका कुठेच नव्हता. ती माशी होती. माशी उडून गेली आणि फुली राहिली. बाकीचा सगळा माल गाडीतून निघून गेला होता आणि कारखाना सोमवारपर्यंत बंद झाला होता.

घरी येताना सगळं कबूल करायचं असं मी ठरवलं होतं. शप्पथ! पण गाळ्यात शिरलो तेव्हा बायको वर घरी गेली होती आणि दुकान एकटंच सजून बसलं होतं. बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या, टॉवेलांच्या घड्या एकसारख्या. हे तिने माझ्यासाठी केलं होतं, मला खटकू नये म्हणून. समोरच्या भिंतीवर मी आधीच पाडून ठेवलेली चार भोकं होती, लेव्हल लावून पाडलेली, एका रेषेत. आरशाची वाट बघत होती बिचारी.

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. खिडकीसाठी आणलेला नवा पडदा टेबलावर होता. मी तो त्या भिंतीवर लावला. मागे आरशाच्या मापाच्या दोन फळ्या उभ्या केल्या, म्हणजे फुगवटा बरोबर दिसेल. बाजूला ओढायची दोरी बांधली. पडदा जमिनीला समांतर आहे ना, तेही तपासलं. खोटं बोलायचं तर तेही नीट नको का?

माझा हिशोब सरळ होता. पलीकडच्या चौकातला काचवाला ओळखीचा आणि त्याचं दुकान रविवारी सकाळी उघडं असतं. सकाळी मेहुण्याची गाडी चालवायची शिकवणी होतीच. त्याच गाडीतून जायचं, आरसा आणायचा, मागच्या दाराने पडद्याआड लावायचा. कुणाला पत्ता लागणार नाही.

बायको खाली आली आणि दारातच थबकली. "हे काय?"

"आरसा. उद्या सगळ्यांसमोर उघडायचा. तोवर हात लावायचा नाही, बोटांचे ठसे उमटतात."

 डोळे भरून आले तिचे. "मला वाटलं होतं तुम्ही विसरणार," ती म्हणाली. "तुमची ती सभा, ते सामने. आणि तुम्ही एवढा विचार केलात."

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी रांगेत पहिला उभा राहिलो असतो. अजूनही सांगता आलं असतं. पण ती इतकी आनंदात होती की माझी जीभच उचलेना. आणि तिने लगेच फोन उचलला. "बाई, उद्या अकराला यायचं हं. पडदा तुमच्या हस्ते उघडायचाय. ह्यांनी स्वतः आरसा निवडलाय."

पलीकडून बाईंचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "येते की. बघू या तुझ्या नवऱ्याची निवड."

रविवारी सकाळी मेहुणा गाडी घेऊन आला. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, "आज थेट काचवाल्याकडे. जरा लवकर."

"भाऊजी, लवकर कसं चालवू? तुम्हीच म्हणता, प्रत्येक वळणाआधी तिन्ही आरसे बघायचे."

"बरोबर. मग तेवढं बघून लवकर."

तो इतक्या काटेकोरपणे चालवत होता की एका आजोबांनी चालत आम्हाला ओव्हरटेक केलं आणि वर मागे वळून बघितलं. मला त्याला काही बोलताही येईना. सगळं मी शिकवल्याप्रमाणेच चाललं होतं.

काचवाल्याकडे आरसा तयार होता. मापाचा, चौकटीसकट. त्याने तो कागदात गुंडाळायला घेतला, आणि मी म्हणालो, "एक मिनिट." इथे माझं नशीब फिरलं. खरं तर नशिबाचा काही संबंध नाही, मीच फिरलो.

"उजव्या कडेला लाट आहे," मी म्हटलं.

त्याने दुसरा काढला. मी डोकं डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिलं. "वरती जरा बुडबुडा दिसतोय."

"साहेब, तो तुमच्या चष्म्यावरचा डाग आहे."

मी चष्मा पुसला. डाग गेला, पण तोवर आरशावरचा माझा विश्वासही गेला होता. त्याने तिसरा काढला. मध्येच अध्यक्षांचा फोन आला, माणसं जमलीत म्हणून. मेहुणा दारातून "भाऊजी, भाऊजी" करत होता. मी तिसऱ्यासमोर उभा राहून श्वास रोखून बघत होतो आणि सवयीने माझा हात खिशात गेला. खडू बाहेर आला.

काचवाल्याने तो बघितला. त्याने शांतपणे माझ्या समोरून आरसा उचलला, आत नेऊन ठेवला आणि म्हणाला, "आमच्या दुकानात तुमच्या लायकीचा माल नाही. या."

"अहो, घेतो ना. पहिला द्या. लाटेसकट द्या."

"नको. उद्या तुम्ही परत आणून दाखवाल." आणि त्याने माझ्या तोंडावर शटर ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःलाच कुणीतरी फुली मारली होती.

आम्ही बिल्डिंगपाशी पोहोचलो तेव्हा अकराला थोडाच वेळ उरला होता. मागच्या दाराने जाऊन बायकोला सगळं सांगायचं, पाय धरायचे तर धरायचे, असं ठरवून मी उतरलो. पण मागच्या दाराची वाट पार्किंगमधून जाते आणि पार्किंगमध्ये सभा भरली होती. अध्यक्षांनी मला बरोबर पकडलं.

"आले, आले! सेक्रेटरी, करा सुरुवात. तुमच्याशिवाय सगळं अडून राहिलंय बघा."

अडून राहिलंय, हे ऐकलं की मी विरघळतो. अहवाल त्यांनी माझ्या हातात कोंबला. खुर्च्यांवर सगळी बिल्डिंग बसली होती, काही जण तर टेकून झोपण्याच्या तयारीनेच आले होते. मी वाचायला लागलो. प्रस्तावना. आभार. मग जिन्यातले दिवे, आधी मजल्यांप्रमाणे आणि मग प्रकारांप्रमाणे, कारण रात्री जागून मी दोन्ही केलं होतं.

दुसऱ्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा फाटकातून एक टॅक्सी आत आली. मोठ्या बाई उतरल्या. हातात भलीमोठी पर्स, मान ताठ. पार्किंगच्या खांबांमधून मला आमचा गाळा दिसत होता आणि दारात बायको दिसत होती. तिने बाईंना नमस्कार केला. मग तिने आजूबाजूला पाहिलं. डावीकडे, उजवीकडे, रस्त्याकडे. ती कुणाला शोधतेय हे मला लगेच कळलं.

आणि मी इथे, जिन्यातल्या दिव्यांसमोर उभा.

"मला जायचंय," मी म्हणालो.

अध्यक्ष म्हणाले, "अं? कुठे? अजून तर तुम्ही दुसऱ्याच मजल्यावर आहात."

"मी हे वाचत नाही. आणि पुढच्या वर्षी सेक्रेटरीही होत नाही. मला बायकोच्या दुकानात जायचंय."

नकाराचा एवढा ओबडधोबड मजकूर माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. कारण नाही, पर्याय नाही, आभारसुद्धा नाहीत. लोक रागावणार म्हणून मी मान आत ओढून घेतली.  मग मागच्या रांगेतून एकाने टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. बघता बघता अख्खं पार्किंग टाळ्या वाजवत होतं, आणि अध्यक्ष माझ्या हातातून अहवाल काढून घेत हळूच म्हणाले, "बरं झालं तुम्हीच म्हणालात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गेली चार वर्षं कुणी बोलत नव्हतं."

चार वर्षं! वाईट वाटायला थांबावं एवढाही वेळ नव्हता. मी धावलो.

गाळ्याच्या दारात पोहोचलो तेव्हा बाईंचा हात दोरीवर होता. "थांबा," मी म्हणालो. पण बाई थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी दोरी ओढली.

पडदा काय सुरेख सरकला हो! फळ्या धाडकन खाली पडल्या आणि मागे भिंत उघडी पडली. चार भोकं, एका रेषेत.

बाई भिंतीजवळ गेल्या. वाकून एका भोकात बघितलं. "नवीन पद्धत आहे का ही?" त्यांनी विचारलं.

बायको माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा बघायला मला आरशाची गरज नव्हती आणि मी त्या चेहऱ्यात जे बघितलं ते मला पुन्हा बघायचं नाही. मी सगळं सांगून टाकलं. माशी, फुली, लोडर, पडदा, काचवाला, शटर. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही, क्रमही चुकला बहुतेक. शेवटी म्हटलं, "चुकलं माझं. तुझं दुकान मी पहिल्याच दिवशी बुडवलं."

ती म्हणाली, "आरसा फुटला ते फुटू दे. काल सांगायचं होतं मला. आणि मी दारात उभी राहून तुम्हाला शोधत होते, तेव्हा कुठे होता?"

"दुसऱ्या मजल्यावर," मी म्हणालो. "पण आलो सोडून."

"सोडून?" तिने विचारलं. "अहवाल सोडून?"

"सेक्रेटरीपण सोडलं."

तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा पार्किंगकडे पाहिलं, जसं माणूस खोटी नोट उजेडात धरून बघतं. ती काही बोलण्याआधी बाईंनी पर्स टेबलावर आपटली आणि सरळ खुर्चीत बसल्या.

"ते नवरा-बायकोचं नंतर. मी केस कापून घ्यायला आलेय. पण आरशाशिवाय तू कापणार कशी?"

बायकोने एप्रन बांधला. "बाई, तुमच्याकडे इतकी वर्षं होते. मी कधी आरशात बघून कात्री चालवलेली आठवते? मी डोक्याकडे बघते."

 बाई नीट टेकून बसल्या.

मला वाटलं, आता तरी उपयोगी पडावं. मी बाईंच्या समोर जाऊन उभा राहिलो. "मी आरशाचं काम करतो," मी म्हटलं. "जे दिसेल ते सांगतो." आणि सांगायला लागलो. डावी बाजू उजवीपेक्षा जराशी लांब. मागे एक बट सुटलीय. कपाळावर, राग मानू नका, तीन आडव्या रेषा, त्यातली मधली सरळ नाही.

"ह्यांना बाहेर काढ," बाई म्हणाल्या.

बायकोने मला बाहेर काढलं. मी पायरीवर बसलो. आणि बघतो तर समोरून सगळी बिल्डिंग चालत येत होती. अहवाल रद्द झाल्यामुळे सभा संपली होती, जेवणाला वेळ होता आणि लोकांना रविवारची सबंध दुपार अशी सापडली होती जशी जुन्या कोटाच्या खिशात नोट सापडते. काय करावं कळेना, म्हणून ते दुकान बघायला आले. अध्यक्ष सगळ्यांत पुढे. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं नव्हतं, पण उत्साह भरपूर होता.

दुसऱ्या खुर्चीवर तळमजल्यावरच्या काकू बसल्या आणि लगेच म्हणाल्या, "अगं, मला दिसणार कसं?"

बायकोने क्षणभर विचार केला. मग तिने दोन्ही खुर्च्या भिंतीकडून फिरवल्या आणि समोरासमोर केल्या. आता काकूंना बाई दिसत होत्या आणि बाईंना काकू. "एकमेकींना सांगा कसं होतंय ते," ती म्हणाली.

मी दारातून ऐकत होतो. काकू बाईंना म्हणाल्या, "कित्ती छान दिसतंय हो तुम्हाला. वय पटकन खाली आलं." बाई खुर्चीत सावरून बसल्या. "तुमचा कानाजवळचा कट बघा कसा बसलाय," त्या म्हणाल्या. मग काकूंनी विचारलं की तुम्हाला मुलं किती, आणि पाहता पाहता त्या दोघी अशा बोलत बसल्या की केस कापून झाल्यावरही उठेनात. त्यांना उठवून पुढच्यांना बसवावं लागलं. समोर बसलेलं माणूस कधी खरं सांगत नाही, हे माझ्या आयुष्यभराच्या नोकरीच्या विरुद्ध होतं. पण दुकानातून जो तो हसत बाहेर पडत होता.

जाताना मोठ्या बाई पायरीवर माझ्याजवळ थांबल्या. "मागची बट अजून सुटलेली आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

ती होती. मला स्पष्ट दिसत होती. "नाही," मी म्हणालो. आयुष्यातला तो माझा पहिला पास झालेला खोटा माल.

"तिची जागा मी उद्याच भरते," बाई म्हणाल्या. "ती काही परत येत नाही." आणि टॅक्सीत बसल्या. मी आत धावत जाऊन बायकोला सांगितलं. ती कात्री हातात घेऊन तशीच उभी राहिली, मग वळली आणि अध्यक्षांचं डोकं पुन्हा हातात घेतलं. पण तिचे खांदे खाली आले होते. कित्येक दिवस ते कानापर्यंत चढलेले होते, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी बुद्धिबळ क्लबचा फोन आला. पंच कुठे राहिले म्हणून. आता मला सराव झाला होता. मी म्हटलं, "येत नाही. यापुढेही येत नाही."  पलीकडे फोन हाताने झाकल्याचा आवाज, आणि त्या हाताआडून कुणीतरी इतरांना सांगितलं, "ते येत नाहीत रे!" त्यावर जो जल्लोष झाला तो हाताने झाकण्यासारखा नव्हता. नंतर कळलं, मी पंच असलो की घड्याळं जुळवण्यातच दुपार जायची आणि खेळ अंधारात व्हायचा.

मेहुण्याला मी समोर बसवूनच सांगितलं, "हे बघ, गाडी शिकवायला मला पुढे वेळ नाही."

त्याने मोठा श्वास सोडला. "भाऊजी, रागावू नका. लायसन्स मला गेल्या महिन्यातच मिळालं."

"मग आज सकाळी इतकं हळू का चालवलंस?"

"तुम्ही शेजारी होता ना."

तर असा मी एका दिवसात सगळीकडून सुटलो. सुटलो म्हणजे काय, सगळेच माझ्यापासून सुटले. मला थोडं लागलं, नाही म्हणत नाही. इतकी वर्षं वाटत होतं की मी हात सोडला तर बिल्डिंग कोसळेल, क्लब बंद पडेल, मेहुणा खांबाला धडकेल. बिल्डिंग जागच्या जागी होती. आणि मला इतकं हलकं वाटत होतं की पायरीवरून उठताना गुडघाही वाजला नाही.

संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं. बायको खुर्चीत बसली आणि पाय समोरच्या खुर्चीवर टाकले. दमली होती, पण चेहरा उजळला होता. मी म्हटलं, "उद्या कारखान्यातून दुसरा आरसा आणतो. जो पहिला समोर येईल तो."

"आणा," ती म्हणाली. "दाराजवळ लावू, जाताना बघायला. खुर्च्या मात्र अशाच राहू देत." मग डोळे मिटून म्हणाली, "दर रविवारी येणार ना मदतीला?"

"येणार. दुसरं कुठे जायचंच नाहीये."

"मग आत्ताच सुरू करा. झाडू तिथे आहे."

मी झाडू घेतला. खुर्च्यांखालून, टेबलाखालून, भिंतीच्या कडेने. सरळ ओळीत, एकावर एक ओढत. केस ही वस्तू मोठी लबाड असते. गोळा झाले वाटतात आणि पुन्हा पसरतात. मी गुडघ्यावर बसलो. फरशीला गाल टेकवून तिरक्या उजेडात बघितलं.

"अहो," बायको म्हणाली, "झालं. चला घरी, भूक लागलीय."

टेबलाच्या पायामागे काही केस उरले होते. मला दिसत होते. तिलाही दिसत होतं की मला दिसतायत. मी झाडू भिंतीला टेकवला, दिवा बंद केला आणि तिच्यामागून बाहेर पडलो. कुलूप तिने लावलं.

(सोमवारी कामावर जाताना ते उचलले. किल्ली माझ्याकडेही आहे. पण हे आपल्यातच राहू द्या.)